नाचाच्या मशीनवरचे काका

आमच्या काकांना आजवर कुणीही काहीही सांगू शकलेलं नाही. काका म्हणजे माझ्या बायकोचे थोरले काका, नात्याने माझे चुलतसासरे. तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पातच घर बांधून राहिले. त्यांना काही सांगता न येण्याची कारणं दोन, एक त्यांचा स्वभाव आणि दुसरं त्यांचे कान. स्वभाव जन्मापासूनचा होता, कान मात्र तोफांच्या शेजारी उभं राहून राहून गेले. "डावा देशाला दिला, उजवा पेन्शनीत कापला," असं ते स्वतःच सांगायचे, आणि ते इतक्या मोठ्यांदा सांगायचे की समोरच्याला आपलाही एखादा कान गेल्याचा भास व्हायचा. मुलाने पुण्याहून चांगल्यापैकी कानाचं मशीन आणून दिलं होतं. काकांनी ते घरच्या सत्यनारायणाला घातलं, आरती संपेपर्यंत कसंबसं सोसलं, आणि प्रसाद वाटायच्या आत काढून देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे ठेवलं. म्हणाले, "याचे कान मोठे हायेत, याला होऊ द्या उपयोग. मला एवढ्या समद्या बायकांचं एकदम ऐकायचं नाय."

बहिरा माणूस कुजबुजतो तेव्हा काय होतं हे काकांच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. एकदा नात्यातल्या एका मुलीला पाहायला मंडळी आली होती. मुलगा, मुलाचे आईवडील, पोहे, सगळं रीतसर. काका माझ्या कानाशी तोंड आणून, आपल्या मते अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, पोराच्या डोक्यावरचे केस त्याचे नाहीत." बाहेर रस्त्यावर भाजीची गाडी उभी होती. तो भाजीवालासुद्धा खिडकीतून डोकावून मुलाचे केस पाहून गेला. लग्न झालं, पण अजूनही तो जावई काका दिसले की डोक्याला हात लावतो.

कान गेले त्याचं काकांना मात्र काही वाटत नसे, कारण त्यांच्या मते ते अंगाने ऐकत. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की कॅम्पातल्या घरांच्या काचा थरथरतात. त्या थरथरायच्या आधीच काका भिंतीला पंजा टेकवून, वैद्याने नाडी धरावी तसे डोळे मिटून उभे राहायचे आणि जाहीर करायचे, "आज मोठी आहे." मग काचा वाजायच्या. रस्त्याने चालताना ते मान वळवत नसत, गाड्यांनीच त्यांच्याकडे पाहून वळावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि कॅम्पातल्या गाड्या ती पाळतही. नाच या प्रकाराबद्दल तर त्यांना मनापासून तिटकारा होता. माझ्या लग्नाच्या वरातीत त्यांना ओढायला गेलेल्या पोरांना त्यांनी एका वाक्यात परतवलं होतं. "मी पाय दोनदाच आपटतो. एकदा सलामीला आणि एकदा झुरळावर."

अशा माणसाच्या शेजारी काकूंचा संसार झाला. काकू इगतपुरीच्या बाजूच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. बारीक चणीच्या आणि अगदी हळू बोलणाऱ्या. नवऱ्याचे कान गेले तसं त्यांनी त्यांच्याशी बोलणंच जवळजवळ सोडून दिलं होतं. चहा झाला की कप दाखवायच्या, जेवण झालं की ताटाकडे बोट करायच्या, आणि भांडायचं असलं की पाठ करून बसायच्या. काका म्हणायचे, "आमच्या घरात लय शिस्त आहे. आवाज म्हणून नाय."

तर हे काका एके दिवशी नाचाच्या मशीनवर चढले.

आमच्या मुलीचा वाढदिवस होता आणि अंबडच्या आमच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून भरदुपारी आम्ही सगळे मॉलमध्ये गेलो होतो. काका-काकूंनाही बरोबर घेतलं होतं. मॉलच्या वरच्या मजल्यावर मुलांच्या खेळांचं दालन आहे. गाड्या पळवायच्या, बंदुका झाडायच्या, चिमट्याने भावल्या उचलायच्या. त्याच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात एक जुनाट मशीन उभं होतं. जपानमधून वापरून झालेलं इथे आणलं होतं म्हणे. समोर पडदा, पुढे बसक्या चौथऱ्यासारखा एक आठ कोनांचा मंच, आणि मंचाभोवती खांब. खांबांवर वरच्या बाजूला दिव्यांची एक ओळ आणि गुडघ्याच्या उंचीवर दुसरी. गाणं लागलं की पडद्यावर बाण धावत येतात. बाण ज्या बाजूचा, त्या बाजूच्या दिव्यासमोर आपण हात न्यायचा. कशाला शिवायचं नाही, नुसता हवेत हात मारायचा. मशीनला ते दिसतं, दिवा लागतो आणि गुण मिळतात. चुका जास्त झाल्या की गाणं मधेच तुटतं. गाणी सगळी परक्या भाषेतली, कुणीतरी पुरुष घाईघाईने ओरडतोय आणि मागे शिवणयंत्र पिसाळलंय अशी. मुलं त्या बाजूला फारशी फिरकत नसत.

काकांना तो चौथरा गावच्या झाडाखालचा पार वाटला. फिरून पाय दुखले होते, म्हणून ते सरळ जाऊन त्याच्यावर टेकले. मशीनला वाटलं गिऱ्हाईक आलं. माझ्या मुलीने तेवढ्यात हौसेने आपलं कार्ड त्याला लावलं, आणि ते पिसाळलेलं शिवणयंत्र सुरू झालं.

काका ताडकन उठले, ते थेट सावधानमध्ये. "चुप!" ते ओरडले. बंदुका झाडणारी मुलं थांबली. भावल्यांचा चिमटा हवेत राहिला.

"कोण गातंय?" काकांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ज्या माणसाला दारातली घंटा आणि घरावरचं विमान यांतलं काहीही ऐकू येत नव्हतं, तो मान तिरकी करून ऐकत होता. मी कानाशी ओरडलो, "काका, मशीनचं गाणं आहे!"

"ते कळतंय. पण बाई कोण?"

बाई कुठेच नव्हती. तो पुरुष आपला ओरडत होता. एवढ्यात चुका फार झाल्या म्हणून गाणं तुटलं आणि काकांचा चेहरा कुणी तोंडावर दार लावल्यासारखा झाला. "पुढं?" त्यांनी विचारलं. तिथे लाल टी-शर्ट घातलेली एक मुलगी काम करायची, तबस्सुम, मूळची मालेगावची. ती धावत आली आणि हातवारे करून म्हणाली, "अंकल, हात हिलाना पडता है. हात हलवल्याशिवाय गाणं पुढे जात नाही."

काकांनी हा आदेश म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मॉल उघडला की काका दारात. इस्त्रीची पँट, बूट चकचकीत, मिशीला पीळ. कॅम्पातून बस पकडून यायचे, तबस्सुमला कडक सलाम ठोकायचे आणि मंचावर चढायचे. सुरुवातीला त्यांचे हात रहदारीच्या पोलिसासारखे जात. उजवीकडचा बाण आला की ते त्याला थांबवायचे, डावीकडचा आला की त्याला जाऊ द्यायचे, आणि वरून एकदम दोन आले की दोघांनाही दटावायचे. चेहरा प्रजासत्ताकदिनाच्या संचलनातला. पोरं पोट धरून हसायची. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन पडला, आणि संध्याकाळी काकांच्या मुलाचा पुण्याहून मला फोन. "अरे, बाबांना आवर. या वयात छातीवर काही आलं म्हणजे? ते नाही ऐकले तर मी दोघांना सरळ इकडे घेऊन येतो, कॅम्पातलं घर बंद."

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम पाहायला गेलो. हसायच्या तयारीनेच गेलो होतो.

काका नाचत होते. दुसरा शब्द नाही. पण ते त्या गाण्यावर नाचत नव्हते. गाणं सुसाट धावत होतं आणि काकांचे हात संथ, लांब, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलत होते, काहीतरी हलकं आणि झोपलेलं तोलून धरल्यासारखे. त्या वेगाने बाण सापडणं शक्यच नव्हतं. तरी पडद्यावर प्रत्येक बाणाला 'बरोबर'ची चांदणी उमटत होती. पोरं आता हसत नव्हती. लांब उभी राहून बघत होती.

"देखा?" तबस्सुम माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली. "गाणं एक चाललंय, अंकल नाचतात दुसऱ्यावर, आणि मशीन म्हणतंय बरोबर. आणि खाली बघा."

मी खाली बघितलं. काकांचे हात खांद्याच्या वर होते. पण डाव्या बाजूच्या खांबावर, गुडघ्याच्या उंचीवर, खालच्या ओळीतला एक दिवा लागत होता आणि विझत होता. मग त्याच्या शेजारचा. मग पुन्हा पहिला. तिथे कुणीही नव्हतं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती त्या दिव्यांपेक्षा वाईट होती. काका आपला डावा पाय त्या बाजूला टाकतच नव्हते. तेवढी जागा सोडून वावरत होते, मधे पाट मांडलेला असला की आपण वावरतो तसे.

"मेकॅनिकने दोनदा साफ केलं," तबस्सुम म्हणाली. "म्हणतो धूळ बसते. पण तो स्वतः उभा राहतो तेव्हा लागत नाही. सकाळी मी एकटी असते ना, तेव्हा तिकडे झाडूसुद्धा मारत नाही मी."

शेवटाच्या जरा आधी काकांना धाप लागली, दोन-चार बाण चुकले आणि गाणं तुटलं. रोज तिथेच तुटायचं म्हणे, शेवटापर्यंत त्यांना एकदाही जाता आलं नव्हतं. उतरायच्या आधी काकांनी डावा हात गुडघ्याशी नेऊन, पंजा उघडा ठेवून क्षणभर तसाच धरला. मग मिशी पुसत खाली आले आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं मला कुजबुजले, "जावईबापू, चार-दोन बाण राहिले. उद्या पुरं करतो."

ते बसकडे गेल्यावर मी तबस्सुमची नजर चुकवून मंचावर चढलो. कोपऱ्यातला एसी जोरात होता. गाणं लागलं, कान किटले, बाई वगैरे काही ऐकू आली नाही. मी हात हलवले, ते सगळे चुकले. एवढंच, की गाणं तुटता तुटता कुणीतरी माझ्या पँटची शिवण गुडघ्यापाशी चिमटीत धरून सोडल्यासारखं वाटलं. एसीचं वारं असेल. मी मात्र सरकत्या जिन्याच्या पायऱ्या धावत उतरलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकूंचा फोन आला. काकू आपण होऊन कधी फोन करत नसत, म्हणून बायकोने तो घाबरतच घेतला. काकू एवढंच म्हणाल्या, "ये जरा. जावयांनाही आण."

आम्ही पोचलो तेव्हा काका मागच्या अंगणात आरशासमोर दाढी करत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ज्या घरात मालकाला काही ऐकूच येत नाही तिथे गप्प राहायची खूण मला जरा गमतीची वाटली. पण तेवढ्यात काका गाऊ लागले.

त्यांना कधी कुणी गाताना ऐकलं नव्हतं. बहिऱ्या माणसाच्या गाण्याला सूर कुठला असायला, पण शब्द स्वच्छ होते.

"बाप गेला तोफंवर, बरफाच्या देशी,
नीज माझे बाळीबाई, पावसाच्या कुशी..."

"हे त्यांना कुणी सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"जुनं असेल एखादं," बायको म्हणाली. "लहानपणी ऐकलं असेल."

"जुनं नाही गं. मी केलेलं आहे."

मग काकू ओट्याला टेकून बसल्या आणि त्यांनी सांगितलं. दोन मुलगे होण्याआधी त्यांना एक मुलगी झाली होती. तेव्हा काका वर बर्फातल्या चौकीवर होते. बाळंतपण माहेरी झालं, बारसंही तिथेच झालं, आणि पोर धरून धरून चालायला लागली तरी बापाला रजा मिळाली नव्हती. भाताची लावणी चालू होती, पाऊस आठ-आठ दिवस उघडत नव्हता. दुपारी खाचरातून येऊन काकू तिला मांडीवर घेऊन हे गाणं म्हणायच्या. कुणाचं ऐकलेलं नव्हतं, आपलं आपणच जुळवलेलं. त्याच पावसात तिला ताप आला. ओढ्याला पूर होता. दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर उशीर झाला.

"हे आले तेव्हा काही उरलं नव्हतं दाखवायला," काकू म्हणाल्या. "झबलंसुद्धा आईने पाण्यात सोडलं होतं. यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू. मग पोरं झाली, बदल्या झाल्या, आणि पुढं कानच गेले. आता सांगायचं म्हटलं तर ओरडून सांगावं लागेल. अशी गोष्ट काय ओरडून सांगायची असते?"

बायको रडत होती. आपल्याला एक थोरली चुलतबहीण होती हे तिला इतक्या वर्षांनी कळत होतं. मागे काका गालावरचा फेस पुसत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले होते.

"गाणं फक्त माझ्या आईने ऐकलं होतं," काकू म्हणाल्या. "ती जाऊनही किती वर्षं झाली. मला ते मशीन बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, हातात पिशवी, लेकीकडे निघाल्यासारखी. काकांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, आणि सांगूनही उपयोग नव्हता. त्यांनी बसमध्ये काकूंना पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि तिकिटं काढली.

मॉल नुकताच उघडला होता. वरच्या मजल्यावर आम्ही आणि तबस्सुम, बस्स. काका मंचावर चढले, सावधानमध्ये उभे राहिले. ते शिवणयंत्र पिसाळलं. काकूंनी कानांवर हात ठेवले, मग काढले, मान तिरकी करून ऐकलं आणि माझ्याकडे पाहून ती नकारार्थी हलवली. त्यांनाही त्या पुरुषाचं ओरडणंच ऐकू येत होतं. पण काकांचे हात झुलू लागले तशा त्या पाहत राहिल्या. तो झोका त्यांच्या ओळखीचा होता. त्यांचा स्वतःचाच होता.

मग खालचा दिवा लागला.

काकू दोन पावलं पुढे गेल्या. दिवा विझला, शेजारचा लागला. काकूंनी वाकून, जमिनीपासून त्या दिव्यापर्यंत वितीने मोजल्यासारखा हात धरला. "एवढीच होती," त्या म्हणाल्या. त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. तबस्सुमने माझ्या बायकोचा दंड घट्ट पकडला होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती.

रोजच्यासारखे शेवटी काका थकले. धाप लागली, डावा हात वर जाईना. चेहरा पांढरा पडला, तरी ते उतरायला तयार नव्हते. एक बाण चुकला, दुसरा चुकला. मी त्यांना धरायला पुढे झालो, पण काकूंनी मला हाताने बाजूला सारलं. चपला काढल्या, देवळात काढतात तशा एका बाजूला नीट ठेवल्या, आणि पदर खोचून मंचावर चढल्या. त्याही डावीकडची जागा सोडूनच उभ्या राहिल्या. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. काकांकडे बघत, त्यांचे हात थांबले होते तिथून पुढे आपले हात झुलवायला लागल्या.

बाण कुठे येत होते आणि काकूंचे हात कुठे जात होते याचा काही मेळ नव्हता. चांदण्या मात्र एकामागून एक उमटत गेल्या. खालचे दिवे आता दोघांच्या मधे लागत होते, एकदा काकूंकडचा, एकदा काकांकडचा. गाणं शेवटापर्यंत गेलं. शेवटचा ठोका पडला आणि पडदा, खांब, दिवे, सगळं एकदम काळं झालं. बाकी मजल्यावरची वीज चालू होती. बंदुकांची, गाड्यांची मशीनं लुकलुकत होती. तेवढा एक कोपरा विझला.

काका कान देऊन उभे होते. मग म्हणाले, "संपलं," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं आम्हाला जेमतेम ऐकू आलं. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

मशीन पुन्हा सुरू झालं नाही. मेकॅनिकने आत उघडून पाहिलं, म्हणाला सर्किट जळालंय, कधीचंच जळालेलं दिसतंय, चालत कसं होतं तेच कळत नाही. पुढे ते भंगारात गेलं आणि त्या जागी पोरांना उड्या मारायची जाळी आली. तबस्सुम तिथेही झाडू मारत नसे म्हणे, नंतर तिने नोकरीच बदलली.

काका पुन्हा पूर्ण बहिरे झाले. पण नुसते बहिरे नव्हे, हळू बोलणारे बहिरे. कॅम्पातल्या शेजाऱ्यांना काळजी वाटली. भाजीवाला विचारून गेला, सुभेदारसाहेब आजारी आहेत का? पुण्याहून मुलगा येऊन दोन दिवस राहिला, आईवडील एकाच बाकड्यावर शेजारी बसलेले बघून गोंधळला, आणि घर बंद करायचं न बोलता परत गेला.

मी आणि बायको एका दुपारी गेलो होतो. काकूंच्या मनात बरेच दिवस एक प्रश्न असावा. आमच्यादेखतच त्यांनी काकांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि, काय धीर केला असेल, ओरडून विचारलं, "अहो! माझा आवाज कसा होता हो त्यात?"

ओरडताना त्या लाजल्या होत्या. काकांनी त्यांच्या ओठांकडे बघून प्रश्न दोनदा वदवून घेतला.

"तुझा आवाज?" ते म्हणाले. "तुझा आवाज मला ठाव होता. लग्न होऊन आलीस तवा कान शाबूत होते माझे. दुसऱ्या दिवशीच वळखला. मी काय तुझा आवाज ऐकायला जात होतो व्हय तिथं?"

"मग?"

"तू एक ओळ म्हणायचीस आणि जराशी थांबायचीस." काका अंगणाकडे बघत होते. "तिथं ती बारीक हूं करायची ना. माझ्या कानाला तेवढंच पाहिजे होतं. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता."

काकू हळूच खाली बसल्या. ते हूं त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. बायकोने नंतर खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, हो, प्रत्येक ओळीला हुंकार द्यायची. झोप लागेपर्यंत द्यायची. हुंकार बंद झाला की कळायचं, झोपली.

आता आम्ही कॅम्पात जातो तेव्हा दुपारची जेवणं झालेली असतात आणि ही दोघं बाकड्यावर बसलेली असतात. काकू मोकळ्या आवाजात गातात. गाताना त्यांनी काकांचा पंजा आपल्या छातीशी धरलेला असतो. काकांना त्यातलं काय पोचतं ते त्यांचं त्यांना माहीत. डोळे काकूंच्या ओठांवर असतात, आणि ओठ मिटले, ओळ संपली, की काका "हूं" म्हणतात. एवढं एक त्यांना हळू म्हणता येत नाही. तो हुंकार अख्ख्या गल्लीत जातो, आणि नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, म्हातारा कुणालातरी दटावतोय. काकू तेवढ्यापुरत्या थांबतात, आणि पुढची ओळ घेतात.